अजून हप्ताभर

चर्चमधली रविवारची उपासना संपली, एकमेकांना सलाम झाले, आणि प्रेमिलाबाई चहाला न थांबता रिक्षात बसल्या. तसं थांबा म्हणणारंही कोणी नव्हतं.

आजाऱ्यांच्या भेटी हे मंडळीनं अकरा वर्षांपूर्वी दिलेलं काम. सुरुवातीला चौघीजणी होत्या; आता बाकी तिघींची नावं फक्त फॉर्मवर उरली होती. धंतोलीतला एक छोटा डोळ्यांचा दवाखाना. खाटेपाशी उभं राहायचं, एक स्तोत्र, एक प्रार्थना, फॉर्मवर बरोबरची खूण, पुढची खाट. तीन मिनिटांत माणूस उरकायचा. नाव लिहून घेतलं जायचं, चेहरा काही लक्षात राहत नसे.

एका रविवारी बापूजींपाशी मात्र गाडी अडली. पारशिवनीकडचे म्हातारे शेतकरी, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. प्रार्थना संपल्यावर आमेन म्हणायचं सोडून ते म्हणाले, "बाई, तुमचा आवाज उपाशी माणसाचा येऊन राहिला. जेवल्या का?"

नवरा गेल्यापासून सहा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. पुण्याहून मुलाचा फोन यायचा, तो बीपीची गोळी घेतली का एवढंच विचारायला. प्रेमिलाबाईंना रडू आलं, आणि या माणसाला ते दिसत नाही याचं बरंही वाटलं. बापूजींनी उशाशी ठेवलेली भाकर चाचपून अर्धी मोडून दिली. त्या दिवशी पुढच्या खाटा राहूनच गेल्या.

तेव्हापासून रविवार म्हणजे बापूजी. पट्टी जाऊन काळा चष्मा आला. खाट सोडून ते व्हरांड्यातल्या बाकावर बसू लागले. "आत जीव गुदमरते," म्हणायचे. रविवारी दवाखाना सुनसान असे. दोघं बाकावर बसून जेवत. कधी त्यांच्या पिशवीत उकडलेल्या तुरीच्या शेंगा निघत. दवाखान्यात शेंगा कुठून आल्या, हे काही प्रेमिलाबाईंनी विचारलं नाही. मिळालेल्या सुखाचा पत्ता कशाला विचारायचा?

एकच गोष्ट त्या दर वेळी भीत भीत विचारत. "सुट्टी कधी देऊन राहिले डॉक्टर?"

"राहू द्या ना. अजून हप्ताभर धरा."

मग त्या त्यांच्या डोळ्यांसाठी प्रार्थना करत. बापूजी हात जोडून म्हणत, "तुमी तुमच्या देवाले सांगा, मी रामटेकच्या रामाले सांगतो. दोघांतून एक तरी ऐकनच."

आणि इथंच प्रेमिलाबाईंचं पाप होतं. ओठ म्हणत, प्रभू, यांना लवकर बरं कर. मन म्हणे, एवढी घाई नको. हा माणूस गावी गेला की अख्ख्या नागपुरात आपली वाट पाहणारं कोण उरणार? इतकी वर्षं उपासनेचा एक रविवार न चुकवलेल्या बाईनं हे मागावं, याची त्यांना फार लाज वाटे. तरी त्या मागतच होत्या.

त्या रविवारी शेंगा सोलता सोलता बापूजी सहज बोलून गेले, "घरी तूर कापाले आली. हातचं काम टाकून मी येथं बसून राहिलो."

प्रेमिलाबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. म्हाताऱ्याचं पीक शेतात उभं, आणि आपण त्यांना इथं अडकवून ठेवलंय, जणू दवाखान्याची किल्ली आपल्याच पदराला बांधलेली. त्यांनी तिथंच डोळे मिटले आणि पहिल्यांदा मनापासून मागितलं: प्रभू, यांना आजच घरी पाठव. माझं मी बघीन.

मग पाणी आणते म्हणून त्या उठल्या आणि आत काउंटरवर गेल्या. सोनिका नावाची सिस्टर होती.

"सिस्टर, डॉक्टरांना सांगा, बापूजींना सोडा आता. थेंब घालायला घरी कोणी नसेल तर मी जाऊन राहीन चार दिवस. पण त्यांना घरी जाऊ द्या."

सोनिकानं व्हरांड्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आंटी, त्यांची सुट्टी होऊन दोन महिने झाले. रविवारी तर डॉक्टर येतच नाही. बाबा पहाटच्या एसटीनं गावाहून येतात. मी म्हटलं, काहून येता? तर म्हणाले, 'त्या बाईले घरी कोणी नाही वं पोरी. मी नाही आलो, तर ते कोणासंग जेवन?'"