एका गाडीला एक मत

मोरेश्वर मघापासून एकच पाना पुसत बसला होता. पान्यावर तेलाचा थेंबही उरला नव्हता, पण हाताला काहीतरी चाळा हवा ना.

अमेरिकेतल्या सांता क्लाराहून दोन तासांवरचा हा मातीचा ट्रॅक. सप्टेंबर दोन हजार सहा, सीझनची शेवटची शर्यत. इथे धावतात त्या स्प्रिंट कार. उघडी चाकं, डोक्यावर पत्र्याचा मोठा पंख, आणि नखरा असा की ना बॅटरी, ना स्टार्टर. मागून ट्रकने ढकललं तरच बाईसाहेब चालू होणार. असा एक ट्रक मोरेश्वर चालवायचा. लेकीच्या, रुहीच्या गाडीमागे तो दुसऱ्या कुणाला लागू द्यायचा नाही.

शर्यतीआधी आज मतदान होतं. पुढच्या वर्षीही तीनशेसाठ घनइंचांचं इंजिनच ठेवायचं, की त्याहून मोठ्या चारशेदहाला परवानगी द्यायची. तीनशेसाठ म्हणजे काही गरीब गाय नव्हती. चारशेदहा म्हणजे वर आणखी दीडशे घोड्यांची ताकद.

"काका, हा वादच चुकीचा आहे," सुशांत टायर तपासता तपासता म्हणाला. हा मूळचा पुण्याचा. आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्ट करायचा आणि शनिवारी रुहीच्या गाडीला हातभार लावायचा. कुठलाही नियम दाखवा, त्यात खोट काढून देणार. "पॉवर कमी करायची तर टायर लहान करा ना. छोटं इंजिन पिळून पिळून पळवायचं, मग ते फुटतं. मोठं इंजिन आरामात चालतं, यार. पटतंय ना?"

"पटून राहिलंय ना बे," मोरेश्वर म्हणाला.

पटत होतं, तीच तर पंचाईत होती. घरी गॅरेजमध्ये चादरीखाली एक चारशेदहा तयार होतं. बापलेकीने मिळून बांधलेलं, एकेक बोल्ट त्याने स्वतः कसलेला. त्या इंजिनात काय दडलंय हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि म्हणून त्याची झोप उडाली होती.

रुही हेल्मेट काखेत मारून आली.

"बाबा, रेडी? वन कार, वन व्होट, आणि गाडी तुझ्या नावावर. फक्त हात वर कर, ओके?"

"बघू."

"बघू? वुई बिल्ट इट टुगेदर, बाबा." ती क्षणभर थांबली. "नंतर तुझ्याशी बोलायचंय. इट डिपेंड्स ऑन द व्होट."

काय बोलायचंय, हे त्याने विचारलं नाही. त्याचं डोकं ठिकाणावर होतंच कुठे.

मीटिंग म्हणजे ट्रेलरभोवती जमलेला घोळका. ट्रॅकचा मालक डेल ट्रेलरवर चढून उभा राहिला. मोठ्या इंजिनाच्या खर्चाने छोट्या टीम मरतील, असं एक म्हातारा म्हणाला. छोट्या इंजिनाने प्रेक्षक मरताहेत, असं दुसरा म्हणाला. लोक हसले. मग डेलने हात वर करायला सांगितले. आधी चारशेदहावाले, मग तीनशेसाठवाले. दोन्ही बाजू सारख्या झाल्या.

"मो," डेल म्हणाला, "तुझा हात दिसला नाही."

सगळ्यांच्या माना वळल्या. रुही हसत त्याच्याकडे बघत होती. जुलैत तिसऱ्या वळणावर तिची गाडी कोलांट्या खात उताणी पडली, तेव्हाही ती अशीच हसत बाहेर आली होती. बाप मात्र अजून त्याच वळणावर उभा होता.

"तीनशेसाठ," मोरेश्वर म्हणाला.

घोळका पांगला. सुशांतला आयुष्यात पहिल्यांदा काढायला खोट सापडेना. तो परत टायरकडे गेला.

रुही गाडीत बसून पट्टे आवळत होती. मोरेश्वर जवळ जाऊन उभा राहिला. रागाव, बोल, काहीतरी म्हण, असं त्याला झालं होतं. ती बोलली, तेही मराठीत, आणि त्याला अजूनच धास्ती वाटली.

"बाबा, पार देशाच्या दुसऱ्या टोकाची, पेनसिल्व्हेनियाची एक टीम मला सीट देते आहे, त्यांची गाडी चालवायला. तिकडे चारशेदहाच चालतं. मी त्यांना थांबवून ठेवलं होतं. इथे पास झालं असतं तर नाही म्हणणार होते." तिने हातमोजा ओढला. "घरीच राहिले असते."

"आधी नाही का सांगायचं, बेटा?"

"सांगितलं असतं तर तू इंजिनाला नाही, मला व्होट दिलं असतंस."

मोरेश्वरला विचारायचं होतं ते राहिलं आणि भलतंच तोंडातून निघालं.

"मग तिकडे तुझी गाडी कोण ढकलणार?"

"असेल कुणीतरी," ती म्हणाली आणि हेल्मेट चढवलं.

तो ट्रकमध्ये जाऊन बसला. हळूच पुढे घेतला, बंपर तिच्या गाडीला टेकला. तिने हात वर केला. नेहमीसारखा त्याने ॲक्सिलरेटर दाबला. गाडी मातीवरून निमूट सरकू लागली, पुढे ती, मागे तो. आज जरा उशिरा चालू होऊ दे रे बाबा, एवढंच त्याच्या मनात आलं.

पण हेही इंजिन त्याच्याच हातचं होतं. पहिल्याच धक्क्याला धडाडलं, आणि बंपर मोकळा झाला.