उणे चिन्ह

निशिगंधाने बेसेल या गणिती फलनाचा नवा कोड लिहून त्याची चाचणी चालवली. स्क्रीनवर लाल ओळ उमटली: ‘अगं निशी, उणे आकडे परत विसरलीस ना?’

तिने ती ओळ पुन्हा वाचली. हेरंबला जाऊन वर्ष होत आलं होतं. नवराबायको मिळून या मुक्त गणिती सॉफ्टवेअरमध्ये फलनं लिहायचे. तिची नेहमीची चूक पकडायला त्याने ही चाचणी कधी लिहून ठेवली, तिला पत्ताच नव्हता.

तिने राहिलेलं उणे चिन्ह घातलं. चाचणी पास झाली आणि ती ओळ नाहीशी झाली.

फोनवर सहकारी रेवती म्हणाली, “झालं ना गं? पाठव की मग, सगळे तुझ्यासाठी थांबलेत.”

“थांब जरा, अजून चुकतंय काहीतरी,” निशिगंधा म्हणाली. तिने ते चिन्ह खोडलं आणि पुन्हा चाचणी चालवली.