पेजेची निवळ

काटा पंचावन्नावर थांबेल असं वाटलं, पण तो जरासा पुढे सरकलाच. सरू खाली उतरली, कानांतले डूल काढून आईच्या हातात दिले आणि पुन्हा चढली. काटा होता तिथेच राहिला.

"तीनशे ग्रॅम जास्त," टेबलामागचे पंच म्हणाले. "अर्धा तास आहे. बघा काय जमतंय."

रोह्याच्या मैदानावर जिल्ह्याच्या कबड्डी संघाची निवड होती आणि मुलींच्या या गटात पंचावन्न किलोच्या वर चिमूटभरही चालत नव्हतं. या एका दिवसासाठी सरूने दिवाळीची करंजीसुद्धा नुसती हातात घेऊन परत ताटात ठेवली होती. आता ती दोन स्वेटर चढवून भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारू लागली. कडेला तिची आई गिरजाबाई डबा घेऊन उभी होती.

"आठ दिवसांमागं गिरणीतल्या काट्यावर बरोबर भरली होती," सरूला शिकवणारे हैबतराव सर म्हणाले. "मग आता वाढलं कुठनं? नुसतं पेजेचं पाणीच पिते ना ही, वैनी?"

"व्हय," गिरजाबाई म्हणाली.

सरू पाणीच मागायची. शितं बाजूला काढून वरची नुसती निवळ. पण कणगीत भात असताना पोटच्या पोरीने तेवढ्यावर झोपायचं, हे गिरजाबाईच्या जिवाला सोसवेना. आठ दिवस ती शितं कुस्करून, फडक्यातून गाळून त्या निवळीत गुपचूप मिसळत होती. "आज पेज ग्वाड लागली गो, आये," असं सरू म्हणाली की तिला बरं वाटायचं.

सरू पुन्हा काट्यावर चढली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. अजून शंभर ग्रॅम जास्त होते. पंचांनी मान हलवली आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

एसटी स्टँडवर सर दूर जाऊन उभे राहिले. जाताना एवढंच म्हणाले होते, "वजन आपोआप वाढत नाय, सरू. मन ढिलं पडलं की वाढतं."

गिरजाबाईने बाकावर बसून डबा उघडला. सरूने तिकडे बघितलंही नाही.

"सरू, ऐक गो बाय. मी काय केलं..."

"तू काय करनार, आये? मीच झोपेत उठून खाल्लं असंल. मला आठवत बी नाय." सरू रडत नव्हती, आणि त्याचीच गिरजाबाईला भीती वाटली. "पुढल्या वर्षी परत निवड हाय. पन माझा माझ्यावर भरवसा नाय उरला. उद्यापास्नं रातचं स्वयपाकघराला कुलूप लाव. चावी तुझ्यापाशी ठेव. मी मागितली तरी देऊ नको."

गिरजाबाईने डब्याचं झाकण लावलं.

"बरं," ती म्हणाली.