दुकानातली मंदी

फ्लूचा ताप उतरला, पण शिंपीणबाईंचा गळा दुखतच राहिला. छातीत धडधडायचं, मशीन सुसाट पळायचं आणि समोर कापड बेतणाऱ्या नवऱ्यावर सगळा राग निघायचा.

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला समजावलं. "फ्लूनंतर कधी कधी गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला सूज येते. तिच्यातला हार्मोनचा साठा एकदम रक्तात सांडलाय, म्हणून ही घाई. साठा संपला की बाई मंदावतील. मग बहुतेकदा गाडी आपोआप रुळावर येते. तोवर सांभाळून घ्या."

तसंच झालं. गळा दुखायचा थांबला आणि मशीन रडतखडत चालू लागलं. ती शाल पांघरून एकेका बाहीपाशी अडकून बसायची.

"आजही काम कमीच आहे का हो?"

"मंदी आहे," असं म्हणत तो बेतलेल्या कापडांचा गठ्ठा पायानेच टेबलाखाली सरकवायचा. गिऱ्हाइकांना दाराबाहेर गाठून मुदत मागायचा.

एका सकाळी तिने शाल काढून खुंटीला टांगली. मशीनचा जुना सूर लागला.

"अहो, टेबलाखालचा गठ्ठा काढा आता वर."

तो चपापला. "तुला ठाऊक होतं?"

"नाही कसं? 'मंदी आहे' म्हणालात की तुमची कात्री वाकडी जाते," सुईत दोरा ओवत ती म्हणाली. "इतके दिवस त्या वाकड्या बाह्याच तर सरळ करत बसले होते."