पडवीतला श्रोता

रोममध्ये राहून तिथल्या प्राचीन मूर्तींचा अभ्यास करून आलेले प्रोफेसर हरिश्चंद्र शिवलकर यांचं १९३२ साली रत्नागिरीत व्याख्यान ठरलं. ते ऐकायला त्यांचा थोरला भाऊ लवू जवळच्या मिऱ्या गावावरून चालत आला. मुंबईच्या गोदीत काम करताना त्याचा उजवा हात खांद्यापासून गेला होता. हरिश्चंद्र त्याला सभागृहाच्या दारातच म्हणाले, "दादा, पुढे कलेक्टरसाहेब बसणार आहेत. तू बाहेर पडवीत बसशील?"

"बसतो की. हितनं पण आयकायला येतं," लवू म्हणाला.

व्याख्यानात हरिश्चंद्रांनी पडद्यावर एका रोमन योद्ध्याची संगमरवरी मूर्ती दाखवली. "हिचा हात तुटलाय, म्हणून कोणी हिला अडगळीत टाकलं नाही," ते म्हणाले. "दालनाच्या मधोमध उभी केली आहे." टाळ्या पडल्या. तेवढ्यात त्यांची नजर खिडकीतून पडवीत गेली आणि पुढचं वाक्यच आठवेना. कसंबसं त्यांनी भाषण आवरतं घेतलं.

दादाला आत आणायचं, साहेबांशी ओळख करून द्यायची, असं ठरवूनच ते बाहेर आले. पण साहेब पाठोपाठ आलेच. लवूकडे बघत त्यांनी मोडक्या मराठीत विचारलं, "हा कोण?"

हरिश्चंद्र हातातले भाषणाचे कागद जुळवू लागले. लवूने एकदा भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि उपरणं उजव्या खांद्यावर ओढून घेतलं.

"मी गाडीवाला, साहेब. प्रोफेसरांना न्यायला आलोय."

साहेब मान हलवून निघून गेले.

"चल रे हऱ्या," लवू हलकेच म्हणाला. "आये जेवायची थांबली असंल."