भिंतीलगतची चटई

नॉर्वेची स्वयंसेविका मारिट तीन वर्षं घाटकोपरच्या टेकडीवर राहून वस्तीतली बालवाडी चालवत होती. घरांमागच्या संरक्षक भिंतीला तडा गेला, तेव्हा तो वाढला तर कळावं म्हणून तिने त्यावर काचेची पट्टी चिकटवली. सततच्या पावसात एका संध्याकाळी काच तुटलेली दिसली. मारिट घरं रिकामी करा म्हणून दारोदार सांगत फिरली. कुणी हललं नाही. शेजारची शेवंतीमावशी म्हणाली, "घर सोडलं की दुसरंच कुणी घुसतं. तुझं काय गं, तू जाशील तुझ्या देशात." मारिटने वाद घातला नाही. आपली चटई आणून तिने मावशीच्या घरात मागच्या भिंतीलगत अंथरली. "तू निघालीस की मी निघेन." मावशी झोपलेल्या नातीला उचलून निघाली. दोघी पायऱ्या उतरल्या, तेव्हा संरक्षक भिंतीतून गढूळ पाणी झिरपत होतं. बाकीच्या घरांतून टीव्हीचे आवाज येत होते.