कळू नये असा ट्रान्झिस्टर

बसस्थानकाचे भोंगे दुरुस्त झाले आणि आत्याचं बोलणं शब्दन् शब्द कळायला लागलं. पण तसं काही झालंच नाही असं धरून चालू. स्थानकातले सगळे तसंच धरून चाललेत.

तर, भाचा अजून ॲम्प्लिफायरचं झाकणच उघडत होता. भाचा मेकॅनिक, आत्या निवेदिका, आणि दोघं बसले होते त्या खोलीला नियंत्रण कक्ष म्हणत, तिथलं काहीही कुणाच्या नियंत्रणात नसलं तरी. काचेपलीकडे फलाट, बाकं, बॅगा आणि जांभया.

"हा बघ, हा मेलाय," भाचा म्हणाला. त्याच्या चिमटीत टोपीसारखा गोल, धातूचा पॉवर ट्रान्झिस्टर होता. "जोडीतला एक गेला. दुसरा एकटाच ओढतोय, म्हणून तुझा अर्धाच आवाज बाहेर पडतो. तोही फाटका."

"मग नवा टाक."

"हा बनवायचं कधीच बंद झालं. ह्याच्या जागी चालेल असा दुसरा बघावा लागेल."

त्याने झाकणावर तिघांना शेजारीशेजारी मांडलं. पहिला काळा, चपटा, प्लॅस्टिकचा. व्होल्ट सोसतो, करंट सोसतो, पायांचा क्रम तेवढा वेगळा. दुसरा कुठल्याशा मेलेल्या रेडिओतून काढलेला. गरम झाला की रडायला लागायचा. तिसऱ्यावर अगदी जुनाच नंबर छापलेला होता, पण भाच्याने अंगठा घासला तर नंबर अंगठ्यावर आला.

"हा कोण आहे ते ह्यालाच माहीत नाही," भाचा म्हणाला.

"तोच बसव," आत्या म्हणाली. "त्यात मी काय बोलते ते कळणार नाही ना?"

"देव शप्पथ नाही कळणार."

"मग झालं तर."

भाच्याने सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. आवाज मोठा करून दे म्हणणारी गिऱ्हाइकं त्याने पाहिली होती, फुकटात करून दे म्हणणारी तर रोजचीच. बिघाड जपून ठेव म्हणणारं हे पहिलंच, आणि तेही घरातलं.

"आत्या, खरं काय ते सांग."

आत्याने दाराकडे बघितलं. "भोंगे फाटले तेव्हापासून कुणाला काही कळत नाही. सगळे गाड्यांची पाटी वाचतात. मग मी आपलं वाटेल ते बोलते."

"शिव्या?"

"शिव्या कशाला रे? सूचनाच. पण मनातल्या." तिने पदराने माइक पुसला. "परवा सांगितलं, फलाट दोनवरच्या जोडप्याने लग्नाचा पुन्हा विचार करावा. काल सांगितलं, माझे गुडघे दुखताहेत, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आता हे सगळं कळायला लागलं, तर मला घरी बसवतील. आणि घरी बोलू कुणाशी? तुझ्या आतोबांना समोर बसूनही ऐकू येत नाही."

"मग आता नीट बोलायचं. गाडी आली, गाडी गेली."

"त्याला माणूस कशाला लागतं?"

भाच्याचा हात तिसऱ्याकडे वळत होता, तेवढ्यात स्थानकप्रमुख आत आले.

"झालं का? उद्या वरून तपासणी आहे. ह्यातला चांगला कुठला?"

भाच्याने तिसऱ्याकडे बोट दाखवलं. पण खोटं बोलताना त्याची नजर नेहमी खऱ्याकडे जायची. ती काळ्यावर गेली आणि साहेबांनी ती बरोबर पकडली. "हा बसवा," म्हणून ते उभेच राहिले.

भाच्याने पायांना तारा जोडून क्रम जुळवला, खाली अभ्रकाचा तुकडा घातला, स्क्रू आवळला. साहेब चाचणी ऐकायला फलाटावर गेले आणि नेमके भोंग्याखाली जाऊन उभे राहिले.

आत्या खरी वाक्यं केव्हाच विसरली होती. तिने माइकचं बटण दाबलं आणि तोंडातून सवयीचंच बाहेर पडलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. स्थानकप्रमुख जेवणानंतर कार्यालयात घोरतात, आणि ते घोरणं भोंग्यापेक्षा स्पष्ट ऐकू येतं."

काचेपलीकडून तिचाच आवाज स्वच्छ, धुतल्यासारखा परत आला. आत्याने डोळे मिटून घेतले. भाच्याने कपाळाला हात लावला.

बाहेर साहेबांनी भोंग्याकडे बघितलं आणि अंगठा वर केला. "एकदम क्लिअर," ते ओरडले. "शब्दन् शब्द कळतोय." आणि खुशीत चहाला गेले.

आत्याने एक डोळा उघडला, मग दुसरा. पुन्हा बटण दाबलं. "फलाट तीनवरचे निळ्या टोपीचे काका, तुमची गाडी तुमच्या मागेच उभी आहे."

काकांनी घड्याळात बघितलं. मागची गाडी सुटली. काकांनी मान हलवली आणि पाटी वाचायला लागले.

भाच्याने टेबलाखाली वाकून ट्रान्झिस्टरवर बोट टेकवलं. थंड होता. तारा चाचपल्या, भोंग्याची जोडणी पाहिली.

"सगळं ठीक आहे, आत्या," तो खालूनच म्हणाला. "इथे कुठेच बिघाड नाही. म्हणजे तुला कुणी घरी बसवणार नाही. बोल काय बोलायचंय ते."

आत्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तिने काचेतून फलाटभर नजर फिरवली; भोंग्याकडे कुणाचीच मान वळलेली नव्हती. मग पाठ ताठ केली, घसा साफ केला आणि नोकरीच्या पहिल्या दिवशीच्या आवाजात बटण दाबलं.

"प्रवाशांना विनंती करण्यात येते की, ज्यांना ही सूचना ऐकू येत असेल, त्यांनी आपापल्या सामानाची काळजी घेत, नियंत्रण कक्षाच्या खिडकीकडे पाहून एकदा हात हलवावा. एकाने हलवला तरी चालेल."